उत्सवी मंडपातून व्याख्यानमालेकडे

श्रीगजानन हे चौदा विद्यांचे आणि चौसष्ट कलांचे दैवत. त्याच्या आराधनेत दहा दिवस गढून जाणाऱ्या आपल्या लहान गावांत विद्येच्या वाट्याला काय येते, याचा विचार आजच्या मंगल दिवशी अप्रस्तुत ठरू नये. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. हा गौरव उचितच होय. परंतु मानाबरोबर जबाबदारीही येते.

लोकमान्य टिळकांनी १८९३-९४ च्या सुमारास या उत्सवास जे सार्वजनिक रूप दिले, त्यात व्याख्यानांस मानाचे स्थान होते. त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, १८७५ साली, न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती आजही चालू आहे. या दोघांचे मतभेद किती तीव्र होते, हे १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवावी की नाही, या वादात सर्वांनी पाहिले. तथापि लोकांनी एकत्र बसून ऐकावे व ऐकून विचार करावा, याविषयी त्यांच्यात दुमत नव्हते.

पुण्यास हे शोभते, दोन-तीन हजार वस्तीच्या गावात श्रोते कोठून आणावयाचे, असा आक्षेप घेतला जातो. शिवाय हवे ते भाषण आता घरबसल्या भ्रमणध्वनीवर ऐकता येते. पण त्या वक्त्यास उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि तेथे मनुष्य बहुधा आपल्याच मताचे ऐकतो. गावच्या सतरंजीवर मात्र पंचायतीच्या निवडणुकीपासून अबोला धरलेले दोन गट शेजारी बसतात, आणि वक्ता समोरच्या प्रश्नाला बांधलेला असतो. हा लाभ लहान नव्हे.

आरंभ मात्र बेताचा असावा. नामवंतांच्या मागे धावून पहिल्याच वर्षी कर्ज करण्यापेक्षा तीन संध्याकाळी पुरेत. विहिरी का आटतात हे सांगणारा भूजलाचा अभ्यासक, स्त्रियांतील रक्तक्षयावर बोलणाऱ्या डॉक्टर, गावच्या जुन्या देवळाचा इतिहास जाणणारे शिक्षक, असे वक्ते तालुक्यातच मिळू शकतात. भाषण पाऊण तास, प्रश्नोत्तरे अर्धा तास. वेळ स्त्रियांना येता येईल अशी. खर्च वर्गणीतून व्हावा आणि त्याचा हिशेब फलकावर लागावा. एकाच पुढाऱ्याच्या देणगीवर उभी राहिलेली माला लवकरच त्याच्या सत्काराचे व्यासपीठ होते.

उत्सव संपला की ही माला गावच्या ग्रंथालयाने हाती घ्यावी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता व अनुदान मिळालेली वाचनालये खेडोपाडी आहेत. महिन्यातून एक ठरलेला वार त्यांनी पाळला, तर लोकांस तो बाजाराच्या दिवसासारखा लक्षात राहील. आरंभी वीसच श्रोते आले तरी वार चुकवू नये. सातत्य हेच अशा उपक्रमाचे खरे भांडवल होय. विसर्जनानंतर हिशेबासाठी मंडळाची बैठक होतेच. त्याच बैठकीत पहिल्या व्याख्यानाची तारीख ठरवून उठावे, एवढीच आमची सूचना आहे.