गारगोट्यांतला गोतावळा

१८११ साली विल्यम बर्चेल नावाचा एक इंग्रज निसर्गशोधक बैलगाडी घेऊन दक्षिण आफ्रिकेच्या ओसाड माळावरून हिंडत होता. आज जिथे प्रीस्का गाव आहे, त्या भागात त्याने चमत्कारिक आकाराचा एक गोटा उचलला. हातात घेऊन पाहतो तो काय, गोटा नव्हे, जिवंत झाड! पुढे १९२२ साली एन. ई. ब्राऊन यांनी अशा झाडांना 'लिथॉप्स', म्हणजे 'दगडाच्या रूपाचे', असे नाव दिले.

हल्ली ही झाडे आपल्याकडेही इवल्या कुंड्यांतून विकायला असतात. आमच्या शेजारच्या वहिनींनी एक आणले आणि तुळशीच्या जोडीने त्यालाही रोज तांब्याभर पाणी घातले. आठ दिवसांत ते कुजले! बिचाऱ्याची दोन पाने म्हणजे पाण्याच्या पखालीच. भरल्या पखालीत आणखी किती ओतणार? त्याच्या कुळातली एक जाड पानांची वनस्पती कोकणात खाडीकाठच्या खारट चिखलावर पसरलेली असते. आपण ती तुडवून पुढे जातो, इतकेच.

वाळवंटात झाडे कमी, तेव्हा जातीही कमी, असा आपला साधा हिशेब. तो इथे साफ कोसळतो. केपटाऊनच्या उत्तरेला क्नेर्सफ्लाक्टे नावाचे मैदान आहे. मुंबईला जुलैतल्या एखाद्या मुसळधार दिवशी पडतो, तेवढा पाऊस तिथे वर्षभरात पडला तरी पुष्कळ, तोही हिवाळ्यात. या मैदानावर पांढऱ्या गारगोट्यांचे पट्टे पसरलेले आहेत. गारगोट्या ऊन परतवतात, म्हणून तिथली जमीन शेजारच्या तांबड्या मातीहून थोडी थंड राहते. त्या थंडाव्यात बोटाच्या पेराएवढी झाडे वाढतात. चार पावलांवर माती बदलते. कुठे खारट, कुठे उथळ. मातीबरोबर झाडही बदलते.

आता खरी गंमत पाहा. आपल्या बहुतेक शेंगा नि बोंडे वाळली की तडकतात. या झाडांचे बोंड मात्र वाळले की घट्ट मिटते आणि भिजले की उघडते! उघड्या बोंडात पावसाचा थेंब टपकन पडतो आणि बी उडते. उडून जाणार तरी किती लांब? बहुतेक आईच्या अंगणातच. मुले दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरतात, तेव्हा एका बुरुजावरचे दाणे दुसऱ्यावर आपण होऊन जात नाहीत, तसेच हे. पिढ्यान्‌पिढ्या एकेका पट्ट्यावरचे घराणे तिथेच नांदते आणि तिथल्याच मातीचे वळण घेते.

पण मधमाशी तर या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर जाते. मग पराग मिसळून सगळे पुन्हा एक का होत नाही? इथे फुलण्याची वेळ आडवी येते. 'आर्जिरोडर्मा', म्हणजे रुपेरी कातडीच्या झाडांत, हे चांगले तपासले गेले आहे. एका जमिनीवरची झाडे आधी फुलतात, दुसरीवरची मागाहून. यांच्या घरी लग्नघाई आणि त्यांच्याकडे अजून मुहूर्तच नाही, मग सोयरीक जुळायची कशी? मधे ना डोंगर, ना नदी, तरी घराणी वेगळी पडतात. मला या सगळ्या कथेतला हा भाग सर्वांत देखणा वाटतो.

कॉर्नेलिया क्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली या कुळाच्या एका मोठ्या शाखेचा हिशेब मांडला. दीड हजारांहून अधिक जाती, आणि त्यांचा विस्तार सुरू होऊन अवघी ३८ ते ८७ लाख वर्षे झालेली! वनस्पतींच्या जगात एवढी घाई तोवर कुठे नोंदली गेली नव्हती.

मात्र ज्या गुणाने जाती वाढल्या, तोच आता त्यांच्या जिवावर उठला आहे. एखाद्या जातीचा सारा मुलूख एका टेकडीच्या उतारापुरताच असतो. म्हणजे एक माणूस, एक पिशवी आणि एक दुपार एवढ्यात लाखो वर्षांचे घराणे बुडू शकते. २०१९ नंतर हेच होऊ लागले. परदेशी हौशी लोक इंटरनेटवरून बटणाएवढ्या 'कोनोफायटम'ची मागणी करतात. ते वाढते फार सावकाश. बी लावून वाट कोण पाहणार? म्हणून रानातलेच उपटतात, आणि दुर्मीळ जितके, तितका भाव चढा. उपटणारा बहुधा पोटासाठी उपटतो. माझा राग त्याच्यावर कमी आणि सजवलेल्या कपाटापुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकावर जास्त आहे.

तिथल्या पोलिसांनी अशी लाखो झाडे पकडली. काही जाती रानातून जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत. पकडलेली झाडे वनस्पती-उद्यानांत ट्रेमध्ये ओळीने लावून जगवतात. तिथे त्यांना फुलेही येतात. परत नेऊन लावायची, तर चोराने ती कुठल्या उतारावरून उपटली, हे बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसते.