विश्लेषण : कॅम्पर ट्रेलरला वीज पुरत नाही, पण दोष खरोखर पॅनेलचा आहे का?

जीपमागे ओढायचा छोटा कॅम्पर ट्रेलर घेतलेल्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते : दुसऱ्या रात्री फ्रिज बंद पडतो. त्यावर विक्रेत्याचे उत्तरही ठरलेले असते : मोठी लिथियम बॅटरी टाका आणि छतावर आणखी एक पॅनेल बसवा. हा उपाय चुकीचा नाही, पण त्याचा क्रम उलटा आहे. शिवाय या उलट्या क्रमात ज्या गोष्टींवर काटकसर होते त्या म्हणजे वायर, फ्यूज आणि चार्जर. रात्री कुटुंब झोपते ते त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

हिशेब कोणत्या भाषेत करायचा?

बॅटरीवर ‘एएच’ लिहिलेले असते, पॅनेलवर वॅट आणि फ्रिजवर अँपिअर. तिन्हींची भाषा वेगळी असल्याने ग्राहकाला पत्ताच लागत नाही. म्हणून सगळे घरच्या वीजबिलाच्या युनिटमध्ये आणावे. १२ व्होल्ट गुणिले १०० एएच म्हणजे १,२०० वॅट-तास, अर्थात १.२ युनिट. मात्र लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज निम्म्याहून खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यामुळे हाती येतात ते ०.६ युनिटच.

आता खर्चाची बाजू. ४० लिटरचा १२ व्होल्टवरचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्याकडच्या उकाड्यात दिवसाला साधारण ०.५ ते ०.६ युनिट घेतो. छोटा डीसी पंखा रात्रभर चालला की ०.२. दिवे, मोबाइल, कॅमेरा आणि पाण्याचा पंप मिळून आणखी ०.१५. एकूण जेमतेम एक युनिट, म्हणजे घरातल्या एक टनाच्या एसीचा तास-दीड तास.

या यादीत न दिसणारा एक खादाड असतो, तो म्हणजे इन्व्हर्टर. फोनचा चार्जर लावण्यासाठी सुरू केलेला इन्व्हर्टर नंतर कोणी बंद करत नाही. काही न चालवताही तो दहा-बारा वॅट घेत राहतो. चोवीस तासांत पाव युनिटहून अधिक वीज अशी जाते. मोबाइल थेट १२ व्होल्टच्या यूएसबी सॉकेटवर लावला आणि इन्व्हर्टरला वेगळे बटण दिले, तर काहीशे रुपयांत तेवढे काम होते जेवढ्यासाठी लोक ७०-८० वॅटचे पॅनेल वाढवतात. म्हणून पहिली खरेदी पॅनेलची नको, शंटवर चालणाऱ्या बॅटरी मॉनिटरची असावी. किती अँपिअर आले आणि किती गेले हे तो मोजतो. नुसता व्होल्ट दाखवणारा मीटर लेड बॅटरीत अंदाज तरी देतो. लिथियममध्ये मात्र व्होल्ट बराच काळ जवळपास सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो, त्यामुळे तो मीटर तिथे उपयोगाचा नाही.

छतावरचे १०० वॅट प्रत्यक्षात किती?

पॅनेलवर छापलेले वॅट हे प्रयोगशाळेतले, २५ अंश तापमानाचे. एप्रिलमध्ये छतावर पडलेल्या पॅनेलचे तापमान सहज ६० अंशांवर जाते आणि दर अंशामागे उत्पादन साधारण ०.३५ टक्क्याने घटते. तिथेच १२ टक्के गेले. त्यात धूळ, आणि सूर्याकडे न कललेले सपाट छत. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी धरली तर पूर्ण ताकदीच्या उन्हाचे सुमारे पाच तास मिळतात. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर असेल तर तो पॅनेलचा दाब बॅटरीच्या पातळीवर खाली ओढतो आणि वरचा भाग वाया जातो. अशा जोडणीत १०० वॅटचे पॅनेल दिवसाला ०.३ युनिटच्या आसपास देते.

आता बेरीज करा. भरलेल्या लेड बॅटरीचे ०.६ आणि उन्हाचे ०.३, मिळून ०.९. खर्च मात्र एक युनिट. फ्रिज दुसऱ्या रात्री का बंद पडतो याचे उत्तर एवढेच आहे.

इथे बरेच जण एक शक्कल लढवतात. घराच्या गच्चीसाठी मिळणारे ५४० वॅटचे मोठे पॅनेल वॅटमागे स्वस्त पडते, तेच ट्रेलरवर चढवतात. त्याची लांबी सव्वादोन मीटरहून जास्त आणि वजन २८ किलोच्या घरात. ट्रेलरच्या डोक्यावर एवढे ओझे म्हणजे घाटातल्या वळणावर झोक आलाच. वर त्याला जुनाच पीडब्ल्यूएम कंट्रोलर ठेवला तर ५४० वॅटमधून १७० च्या आसपासच हाती लागतात, कारण हे पॅनेल ४१ व्होल्टला काम करणारे आणि बॅटरी १३ व्होल्टची. त्याला एमपीपीटी कंट्रोलरच हवा, तोही ४० अँपिअरच्या पुढचा. अशी दोन पॅनेल एकामागे एक जोडली तर उघड्या जोडणीतला दाब शंभर व्होल्टच्या काठावर जातो आणि थंडीत तो आणखी वाढतो. हिवाळ्यातल्या पहाटे शंभर व्होल्टचा कंट्रोलर जळतो तो असा.

सावलीचे दुखणे वेगळेच. माणसाला ट्रेलर झाडाखाली हवा असतो, पॅनेलला उन्हात. छतावर दुसरे पॅनेल बसवण्यापेक्षा घडीचे एक पॅनेल आठ-दहा मीटर वायरवर उन्हात ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ते सूर्याकडे कलवताही येते. मात्र पावसाळ्यात कोकणात दोन्हींकडून फार अपेक्षा ठेवू नये.

मग वीज आणायची कुठून?

ज्या गाडीमागे ट्रेलर आहे तिच्यातूनच. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात किफायतशीर सुधारणा ही आहे. गाडीच्या अल्टरनेटरवरून ट्रेलरच्या बॅटरीला वीज देणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर साधारण २६० वॅट देतो. पुण्याहून तारकर्लीला निघालात तर प्रवासातल्या पहिल्या तीन तासांतच पाऊण युनिटहून अधिक भरले जाते. एमपीपीटी लावलेले २०० वॅटचे पॅनेल दिवसभर स्वच्छ उन्हात उभे राहून देते ते साधारण ०.७. म्हणजे रोज जागा बदलणाऱ्या प्रवाशाला छतापेक्षा रस्ता जास्त वीज देतो. एकाच ठिकाणी चार-पाच दिवस मुक्काम करणाऱ्याचे गणित अर्थात वेगळे, त्याने पॅनेलवर खर्च करावा.

अनेक ट्रेलरमध्ये मागच्या दिव्यांच्या सॉकेटमधूनच एक बारीक वायर बॅटरीपर्यंत नेलेली असते आणि तिलाच चार्जिंग म्हटले जाते. चार एमएमच्या वायरीतून सहा मीटरवर २० अँपिअर नेले तर जाताना-येताना मिळून एक व्होल्टहून थोडी जास्त गळती होते. १४.४ व्होल्ट निघाले तरी पोहोचतात १३.३ च्या आत-बाहेर. एवढ्यावर लेड बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि अर्धवट भरलेली राहून प्लेटांवर सल्फेट धरते. दोष बॅटरीचा समजून ती बदलली जाते आणि नवीही त्याच वाटेने जाते. तीच वायर १६ एमएमची केली तर गळती पाव-तीस पैशांवर, म्हणजे ०.३ व्होल्टच्या आत येते.

लिथियम बॅटरी नुसती जागेवर ठेवली तर?

१०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी १.२८ युनिटची असते आणि त्यातले १.१ युनिटपर्यंत रोज निर्धास्त वापरता येते. वजन १२ किलोच्या आसपास, लेडच्या निम्म्याहून कमी. हजारो वेळा भरता-उतरवता येते. हे सगळे खरे आहे आणि ज्याचा ट्रेलर महिन्यातून दोन-तीनदा बाहेर पडतो त्याने तीच घ्यावी.

पण विक्रेता ‘जुनी काढा, ही ठेवा, झाले’ म्हणतो तेव्हा सावध व्हावे. लेड बॅटरी भरत आली की आपोआप कमी वीज ओढते. एलएफपी मात्र शेवटपर्यंत मिळेल तेवढी ओढते. अल्टरनेटरला ती मध्ये नियंत्रक न ठेवता जोडली तर वाहतूक कोंडीत, इंजिन मंद आणि हवा कमी असताना, अल्टरनेटर तापून खराब होऊ शकतो. नव्या बीएस-६ गाड्यांतले अनेक अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी मधूनच दाब उतरवतात, तेव्हा चार्जिंगच थांबते. दोन्हींवर उपाय तोच, डीसी-डीसी चार्जर. जुन्या चार्जरमधला ‘इक्वलायझेशन’ हा १५ व्होल्टच्या वरचा टप्पा एलएफपीसाठी बंदच करावा लागतो. त्यातले बीएमएस सर्किट बॅटरीला वाचवते, पण ते शेवटची भिंत आहे, रोजचा पहारेकरी नव्हे.

तापमानाचेही पाहावे. शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज केली तर ती आतून कायमची बिघडते. हिवाळ्यात स्पिती किंवा लडाखला निघणाऱ्यांनी थंडीत चार्जिंग तोडणारी किंवा आत हीटर असलेली बॅटरीच घ्यावी. विदर्भातल्या मे महिन्यात प्रश्न उलटा. बंद ट्रेलरमध्ये पन्नाशी गाठली जाते, तेव्हा बॅटरी छताजवळच्या कप्प्यात नको, खाली आणि हवा खेळती असलेल्या जागी हवी. मात्र गॅस सिलिंडरच्या कप्प्यात कधीही नको.

बाजारात जुन्या वाहनांतले सेल काढून नवे वेष्टन चढवलेल्या बॅटऱ्याही फिरतात. लेबलवर १०० एएच आणि आत ७०. घेतल्यावर एकदा पूर्ण भरावी, ठरावीक भार लावून पूर्ण उतरवावी आणि मॉनिटरवरचा आकडा पाहावा. हे वॉरंटीच्या पहिल्या आठवड्यातच करावे.

आगीची भीती कितपत खरी?

एलएफपी हे लिथियममधले तुलनेने शांत रसायन आहे. ट्रेलरमध्ये मला भीती बॅटरीपेक्षा तिच्यापासून निघणाऱ्या वायरीची वाटते. शॉर्ट झाल्यावर ही बॅटरी क्षणात हजारो अँपिअर सोडू शकते. म्हणून पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत फ्यूज हवाच, आणि तोही एवढा प्रवाह तोडू शकणारा, क्लास टी प्रकारचा. दुचाकीत असतो तसला काचेचा फ्यूज इथे शोभेचा.

आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन घरच्या कामात तरबेज असतात, पण ट्रेलरवरही तेच घरगुती एमसीबी बसवतात. घरची एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे संपर्क तुटताना पडलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी जळत राहते आणि एमसीबीच वितळू शकतो. त्यावर ‘डीसी’ आणि पुरेसा व्होल्टेज छापलेला आहे ना, एवढे पाहणे आपल्या हातात आहे. १,५०० वॅटच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टच्या बाजूने १४० अँपिअर लागतात. त्याला किमान ३५ एमएमची केबल आणि हायड्रॉलिक प्रेसने दाबलेले लग हवेत. पकडीने चेपलेले नकोत. रस्त्यावरच्या खड्ड्यांनी सैल झालेला एक लग रात्री तापतो, आणि त्याचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

छतावरच्या सौर विजेवर एसी चालवून देतो म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. रात्रीचे सहा तास म्हणजे चार-पाच युनिट. छोट्या ट्रेलरच्या छतावर तेवढी जागाच नाही. इंडक्शनचेही जवळपास तसेच.

सरकारने काय करायला हवे?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. पाणी-विजेसह कॅरॅव्हॅन पार्क ही त्यातलीच कल्पना. सप्टेंबर २०२५ पासून सौर पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि लेड-अ‍ॅसिडवरचा २८ वरून लिथियमइतकाच, १८ टक्के झाला. खरेदी स्वस्त झाली हे चांगलेच. पण तलावाकाठच्या मुक्कामाच्या जागी अर्थिंग आणि ईएलसीबीसह एक १६ अँपिअरचा सॉकेट मिळाला, तर प्रत्येक ट्रेलरने वीजघर डोक्यावर घेऊन फिरण्याची गरजच उरत नाही. रबरी टायरवर उभ्या ट्रेलरला स्वतःचे अर्थिंग नसते. ढाब्याच्या बल्बवरून ओढलेली दोन तारांची जोडणी आणि पायाखाली ओली माती, हा प्रकार आज सर्रास चालतो. ‘मुक्कामाची सोय’ म्हणून पाटी लावणाऱ्यांसाठी एवढी अट घालायला नवे धोरणही लागणार नाही.

कोणी काहीच बदलू नये?

वर्षातून सात-आठ रात्री बाहेर पडणाऱ्याने. त्याने वायर जाड करावी, फ्यूज नीट बसवावा, इन्व्हर्टर बंद ठेवावा आणि आहे ती लेड बॅटरी वापरून संपवावी. त्याचा ट्रेलर बहुतेक वर्ष सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली असतो आणि त्या अंधारात पॅनेल काहीच करत नाही. लेड बॅटरी अशी महिनोन्‌महिने रिकामी राहिली तर बाहेर न पडताच मरते. तिला महिन्यातून एकदा घरच्या चार्जरवर पूर्ण भरावे लागते. एलएफपी असेल तर उलट, ती निम्मी भरून मेन स्विच बंद करून ठेवावी आणि गणपतीला गावी निघण्याच्या दोन दिवस आधी चार्जिंगला लावावी.