चिंचोक्यांची विहीर आणि उद्याचे सभासद



ऊस विकास विभागाच्या माणसाने या अंकात लागण, खोडवा, हुमणी यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. पण या खेपेला पिकाऐवजी पोरांबद्दल लिहितो. आज नववी-दहावीत असलेली मुले आणखी काही वर्षांनी आपल्या कारखान्याचे सभासद होतील. त्यांना राज्यकारभार आणि अर्थकारण कसे शिकवले जाते, हा प्रश्न केवळ मास्तरांचा नाही, आपलाही आहे.

गेल्या वर्षी कार्यक्षेत्रातल्या एका माध्यमिक शाळेत पाणी बचतीवर बोलायला गेलो होतो. अर्धा तास बोललो. पोरं जांभया देत होती. ती सगळी शेतकऱ्यांचीच मुले, मी सांगतो ते त्यांनी घरी दहादा ऐकलेले. तिथल्या बाईंनी सुचवले, की पुढच्या खेपेला भाषण नको, खेळ आणा. मग आम्ही दोघांनी बसून एक खेळ बसवला.

खेळ सोपा आहे. पाच मुलांचे एक गाव. मधोमध वाटीत ४० चिंचोके, हे गावाखालचे पाणी. दरवर्षी प्रत्येकाने पीक निवडायचे. ऊस घेतला तर ३ चिंचोके उचलायचे आणि १० गुण मिळवायचे. ज्वारी घेतली तर १ चिंचोका आणि ४ गुण. वर्ष संपले की पाऊस म्हणून वाटीत ८ चिंचोके पडतात. पहिल्या डावात आपसात बोलायला बंदी.

झाले काय? सगळ्यांनी ऊस घेतला. दरवर्षी १५ उचलले, ८ पडले. चौथ्या वर्षाअखेर वाटीत १२ उरले. पाचव्या वर्षी चौघांनी ऊस केला आणि पाचव्याच्या वाट्याला एकही चिंचोका आला नाही. तो पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, ह्यांनी माझं पाणी वढलं!" त्यावर शेजारचा म्हणाला, "मग तू काय सोडत हुतास व्हय?" वर्ग हसला, पण मी गप्प झालो. हेच भांडण मी बांधावर कितीदा ऐकलंय.

दुसऱ्या डावात बोलायला परवानगी दिली आणि ठिबक आणले. ठिबकवर उसाला ३ ऐवजी २ चिंचोके. (हा खेळातला हिशेब आहे, शेतातले प्रमाण जमिनीप्रमाणे बदलते.) एका गटाला वाटले, आता चिंता मिटली. पाचही जणांनी ठिबकवर ऊस केला. १० उचलले, ८ पडले. वाटी हळूहळू का होईना, रिकामीच व्हायला लागली. दुसऱ्या गटाने आधी बैठक घेतली. दरवर्षी तिघांनी ऊस, दोघांनी ज्वारी, आणि पाळी बदलती ठेवायची. ६ आणि २ मिळून ८. त्यांची वाटी शेवटपर्यंत भरलेली राहिली. माझे काम ऊस वाढवण्याचे, ठिबकचे प्रस्ताव करून घेण्याचे. तरी कबूल करतो, की नुसत्या नळ्यांनी पाणी वाचत नाही, त्याला ठरावही लागतो, ही गोष्ट त्या मुलींच्या गटाने माझ्यापेक्षा चांगली सांगितली.

हे काही आमचे नवे संशोधन नाही. आंध्र प्रदेशात काही गावांतून भूजलाचे असे खेळ खुद्द शेतकऱ्यांबरोबर खेळले गेले आहेत. पाणी, जंगल, कुरण अशा सामाईक गोष्टी वापरणारी माणसे स्वतःच नियम करून त्या टिकवू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे युवा संसदेचा उपक्रम तर १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांतून सुरू झाला. पण अशा कार्यक्रमात पुष्कळदा मुले पाठ केलेली भाषणे म्हणतात. सभापती कोण, मंत्री कोण, सगळे आधीच ठरलेले. ते नाटक झाले. खेळात शेवट ठरलेला नसतो, आणि चुकले तर स्वतःचे गुण जातात. त्यामुळे धडा ध्यानात राहतो.

आता आक्षेप. "राजकारण शाळेत कशाला?" असे एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले. राजकारण शाळेत नाही आणले तरी ते मुलांना गाठतेच. १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले आहे. बारावी झाली की मुलगा मतदार होतो. त्याआधी त्याने एकदा तरी ठराव मांडून, हरून, विरुद्ध बाजूचे ऐकून पाहावे की नको?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. खेळ मुलांना चुकीचेही शिकवू शकतो. आपली पोरं सुट्टीत 'व्यापार' खेळतात. त्या जातीच्या खेळाचे मूळ अमेरिकेत आहे. एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली आपल्या खेळाचे पेटंट घेतले, ते जमीनमालक भाडे घेऊन इतरांना कसे नागवतो हे दाखवण्यासाठी. पुढे १९३५ पासून 'मोनोपॉली' बाजारात आला आणि लोक त्यातून नेमके उलटे शिकले, की दुसऱ्याचे दिवाळे काढण्यातच मजा! सांगायचे काय, तर नियम ज्याला बक्षीस देतात तेच मूल शिकते. म्हणून खेळ संपल्यावर निम्मा तास चर्चेला हवाच. नियम कोणी केले, कोणाच्या फायद्याचे, खऱ्या गावात काय वेगळे आहे, हे विचारले नाही तर तो पोरखेळच.

आपल्या कारखान्यावर तर असे कितीतरी खेळ बसवता येतील. साखर विकून आलेल्या पैशातून ऊसबिल, तोडणी-वाहतूक, पगार, कर्जाचा हप्ता, दुरुस्ती यांची वाटणी मुलांनी करून पाहावी. एफआरपी १४ दिवसांत दिली नाही तर १५ टक्के व्याज, हा नियम संचालकाच्या खुर्चीत बसून एकदा आणि उत्पादकाच्या जागी बसून एकदा अनुभवावा. एक सभासद एक मत आणि जितके शेअर तितकी मते, अशा दोन्ही पद्धतींनी तोच ठराव मांडून निकाल कसा बदलतो ते पाहावे. सहकार म्हणजे काय, हे त्या दिवशी व्याख्या न घोकता कळेल.

आपल्या वार्षिक सभेत अहवाल किती जण वाचून येतात, हे आपण सर्वजण जाणतो. 'मंजूर, मंजूर' म्हणून हात वर होतात आणि पारावर मात्र वर्षभर तक्रारी चालतात. ज्या पोराने चौदाव्या वर्षी ताळेबंद मांडून पाहिला, तो चाळिसाव्या वर्षी न वाचता हात वर करणार नाही. आम्हा अधिकाऱ्यांना तो अडचणीचे प्रश्न विचारील. विचारू दे. त्यातच कारखान्याचे हित आहे.

संचालक मंडळास नम्र विनंती, की येत्या वर्षी कार्यक्षेत्रातील निदान पाच शाळांतून महिन्याला दोन तासिका अशा खेळांसाठी मिळतील असे शाळांशी बोलून ठरवावे. खर्च फारसा नाही. हिशेब समजावायला लेखा विभागाचा एक माणूस द्यावा. चिंचोके मी आणतो.

— ऊस विकास अधिकारी