ताटातला बटाटा आणि पाच मीटरवरचा पेंग्विन



परदेश सहल ठरवताना आपला पहिला प्रश्न ठरलेला : जैन जेवण मिळेल ना? आता अंटार्क्टिकाच्या जहाजसफरीची चौकशी करतानाही तोच विचारतात. ताटात कांदा-बटाटा नको, हे योग्यच. पण तिथे आपण जीव बघायला जातो. आपल्या जाण्याने त्या जीवांचे काय होते, हा निदान दुसरा प्रश्न तरी असावा की नाही?

ही सफर असते नोव्हेंबर ते मार्च. एरवी समुद्र गोठलेला असतो, जहाज जाऊ शकत नाही. पण पेंग्विनचा संसार मांडायचा काळही हाच. नोव्हेंबरच्या सुमारास अंडी, डिसेंबर-जानेवारीत पिल्ले. आपले साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, कारण पावसात वाटेवर जीवोत्पत्ती वाढते. जीव जन्मतात तेव्हा पाऊल आवरायचे, ही आपली रीत. आणि आपण मात्र पिल्ले दिसावीत म्हणून नेमके तेच महिने निवडायचे?

कुणी म्हणेल, तिथे नियम कडक आहेत. आहेत, आणि ते चांगलेच आहेत. एका वेळी किनाऱ्यावर शंभरच प्रवासी. पेंग्विनपासून पाच मीटर अंतर. बूट जंतुनाशकात बुडवून मगच उतरायचे. पण पाच मीटर म्हणजे किती? आपल्या ओट्यापासून हॉलच्या दारापर्यंत! बाळंतिणीच्या खोलीत इतक्या अंतरावर रोज अनोळखी माणसांची रांग लागली तर आपण खपवून घेऊ?

‘पेंग्विन घाबरत नाहीत, उलट जवळ येतात,’ हेही ऐकू येते. जमिनीवर त्यांची शिकार करणारा प्राणी तिथे नाही, म्हणून पळण्याची सवय नाही. अंडी उबवणारा पक्षी जागचा हलला नाही, तरी माणूस जवळ आल्यावर त्याच्या हृदयाचे ठोके वाढल्याचे अभ्यासकांनी मोजले आहे. गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे, हे आपण बायकांनी तरी ओळखायला हवे.

उत्तर ध्रुवाकडची गोष्ट तर याहून कठोर. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जुलै 2018 मध्ये एका प्रवासी जहाजाचे रक्षक किनाऱ्यावर उतरले. अस्वलाने एका रक्षकावर हल्ला केला आणि अस्वलाला गोळी घातली गेली. कोण कुणाच्या घरात शिरले होते? नॉर्वेने 2025 पासून तिथे अस्वलापासून किमान 300 मीटर आणि मार्च ते जूनमध्ये 500 मीटर अंतर सक्तीचे केले. अंतर वाढवावे लागले, यातच सगळे आले.

हिंसेचे मूळ प्रमादात, बेफिकिरीत असते, असे आपण स्वाध्यायात शिकतो. मग पैसे भरून, हौसेने केलेली बेफिकिरी कोणत्या खात्यात टाकायची? जवळून फोटो हवाच, हा हव्यास हाही परिग्रहच.

माझे म्हणणे सरळ आहे. अंडी-पिल्लांच्या दिवसांत त्यांच्या वस्तीत उतरू नका. गेलातच तर डेकवरून दुर्बिणीने बघा. आणि बुकिंग करताना बटाट्याच्या आधी विचारा : जहाजात माणसे किती, किनाऱ्यावर उतरवणार कुठे, आणि न उतरता नुसते बघायची सोय आहे का?