साक्ष दोन्ही बाजूंची हवी

गावाची राखण करणे आणि चोराचा माग काढणे ही कामे एके काळी वतनाच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांच्या माथी मारलेली होती. १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले. आज मुंबई-नाशिक महामार्गालगत पडघा परिसरात गोदामे उभी आहेत आणि त्यांची राखण कॅमेरे करीत आहेत. पूर्वी माग काढणारे आपण होतो. आता माग आपल्याच मुलाबाळांचा निघणार आहे.

एकटा कॅमेरा आपल्या पुढ्यातले तेवढेच पाहतो. परंतु अनेक कॅमेऱ्यांची घड्याळे जुळवून त्यांची चित्रे एका संगणकास जोडली, की दारातून शिरलेला इसम कोठे गेला, किती वेळ थांबला, हे यंत्र स्वतःच जुळविते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सरासरी वेग याच रीतीने काढतात. दोन कॅमेऱ्यांमधील १० किलोमीटर अंतर ५ मिनिटांत कापले, तर वेग ताशी १२० किलोमीटर ठरतो. हा हिशेब सरळ आहे.

माणसाच्या चेहऱ्याचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू या संशोधिकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक शेकडा एकाहूनही कमी होती. काळ्यासावळ्या स्त्रियांबाबत ती शेकडा ३४.७ पर्यंत गेली. यंत्राला जात नसते, म्हणून ते निःपक्षपाती असते, असे समजणे भाबडेपणाचे होय. त्याच्या एका चुकीने गरिबाच्या पोटावर पाय येऊ शकतो.

म्हणून कॅमेरे फोडा, असे आम्ही म्हणत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २ डिसेंबर २०२० रोजी त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण दीड वर्ष जपण्याचा आदेश दिला. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील कामकाजाचे चित्रण करावे, असे त्या कायद्याची २०१५ ची दुरुस्ती सांगते. दुबळ्यावर रोखलेली नजर सत्तेवरही रोखली गेली पाहिजे, हाच याचा अर्थ.

बंधुभगिनींनो, कॅमेऱ्याच्या आधारे आळ आला तर मान खाली घालू नका. त्या वेळेचे संपूर्ण चित्रण जपून ठेवावे, अशी मागणी त्याच दिवशी लेखी करा. कारण जुने चित्रण काही दिवसांनी पुसले जाते. यंत्राने फार तर साक्ष द्यावी. निवाडा माणसानेच, आणि तोही दोन्ही बाजू ऐकून, केला पाहिजे.