पाठ टेकल्यानंतर



आपल्या कोल्हापूरच्या कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागतो. चितपट झालेल्या मल्लाने उठायचे, माती झटकायची आणि आखाड्याबाहेर जायचे. गेली दोन वर्षे मी ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकते आहे. त्याचा खरा अभ्यास पाठ टेकल्यानंतर सुरू होतो. पाठ जमिनीला, अंगावर आपल्यापेक्षा जड माणूस, आता काय करायचे? पुरुषांना हा प्रश्न खेळातला वाटेल. आपल्यापैकी कितीतरी जणींना तो घरातला आहे.

ही विद्या मूळची जपानची. मित्सुयो माएदा हे जूडोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला गेले आणि त्यांच्याकडून ती ग्रेसी कुटुंबाकडे आली. अंगातल्या बळापेक्षा तरफेवर आणि योग्य वेळेवर भर देत या कुटुंबाने ती वाढवली. पण स्त्रियांच्या चळवळीशी जुजुत्सूचे नाते त्याही आधीचे. लंडनमध्ये पाच फुटांहून कमी उंचीच्या एडिथ गॅरड मताधिकार मागणाऱ्या बायकांना जुजुत्सूचे डाव शिकवत. १९१३ मध्ये एमेलिन पँकहर्स्ट यांना पोलिसांच्या हाती लागू न देण्यासाठी स्त्रियांचे जे पथक उभे राहिले, ते त्यांच्याच तालमीतले.

सुरुवातीला मी खालून नुसती ढकलत असे आणि मिनिटभरात दमत असे. मग शिकवले गेले: आधी श्वास सावर. कोपरे अंगाशी घे. कुशीवर वळ. वीतभर जागा झाली की त्यात गुडघा घाल. सुटका एका हिसक्यात होत नाही, वीत-वीत जागा करत होते. गटाकडे येणाऱ्या मारहाणग्रस्त बाईला आपण वेगळे काय सांगतो? स्वतःच्या नावाचे बँकखाते, आधार आणि रेशनकार्डाची प्रत, दवाखान्याचा कागद, रात्री दार उघडेल अशी एक शेजारीण. बाहेरच्यांना वाटते, ही अजून तिथेच कशी? ती जागा करत असते.

दुसरा धडा थोपटण्याचा. सांध्यावर किंवा गळ्यावर पकड बसली की हाताने दोनतीनदा थोपटायचे. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचे. का, कशाला, आत्ताच तर सुरू केले, असे काही विचारायचे नाही. जो सोडत नाही त्याच्याशी कोणी सराव करत नाही. चटईवर पहिल्या दिवशी शिकवली जाणारी ही गोष्ट आपल्या कायद्याला अजून मान्य नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवली आहे. तिने कितीही थोपटले, तरी सोडण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

मी नेसरीची. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार इथल्या खिंडीत शत्रूवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. त्या स्मृतीचा मला आदर आहे. मात्र मरण पत्करणे म्हणजेच शौर्य, हे माप आपण बायकांनाही लावत आलो. अब्रूसाठी विहीर जवळ करणारी ती थोर, जीव वाचवून माहेरी परतलेली ती लाज घालवणारी. चटईवर थोपटणारी बाई उद्या पुन्हा सरावाला येते. परत येण्याला धैर्य म्हणायला आपण शिकले पाहिजे.

याचा अर्थ मुलींना चार डाव शिकवले की प्रश्न मिटला, असा नव्हे. साक्षी मलिक आणि विनेश फोगट यांच्याहून अधिक डाव कोणाला येतात? तरीही लैंगिक छळाची तक्रार घेऊन २०२३ मध्ये महिला कुस्तीगिरांना जंतरमंतरवर बसावे लागले आणि गुन्हा नोंदवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. तिथे बळ कामी आले ते एकमेकींच्या सोबतीचे. स्वसंरक्षणाचे वर्ग मुलींसाठी आणि मुलग्यांना मोकळीक, ही सोय आपण मान्य करता कामा नये. थोपटल्यावर सोडायचे असते, हा धडा आधी त्यांनी गिरवावा.

जागा मात्र मागितली पाहिजे. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये सुरू झाली, महिलांची पहिली २०२३ मध्ये सांगलीत भरली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. मुरगूडच्या नंदिनी साळोखेसारख्या मुली आपल्याच जिल्ह्यातून पुढे आल्या. तेव्हा आपापल्या गावच्या तालमीत जाऊन विचारा, बायकांची वेळ कोणती? उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. काय घडले ते आम्हाला जरूर कळवा.