खडक सोडत नाही ते तेल

पेढीकाठच्या वलगावहून आमच्या एका कार्यकर्त्याने साधाच प्रश्न विचारला आहे. मुंबई हायमध्ये अजून पुष्कळ तेल शिल्लक आहे असे सरकारच सांगते. मग देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून का आणावे लागते? प्रश्नात रोष आहे आणि तो रास्त आहे, कारण डिझेलचा भाव चढला की नांगरटीपासून मळणीपर्यंत सारा खर्च चढतो. परंतु उत्तर केवळ दिल्लीच्या धोरणात सापडणार नाही. त्याचा मोठा भाग खडकात आहे, आणि तोच आपण समाजवाद्यांनी आजवर नीट समजून घेतलेला नाही.

वऱ्हाडातील शेतकऱ्याला तो कळणे अवघड नाही. पाऊस सरून काही आठवडे लोटले की काळ्या जमिनीत खाली उकरल्यावर माती ओली लागते, तरी वरची कपाशी माना टाकते. पाणी नाही असे नव्हे. मातीच्या सूक्ष्म कणांनी ते इतके घट्ट धरून ठेवलेले असते की मुळांना ओढून घेता येत नाही.

तेलाचेही तसेच आहे. जमिनीखाली तेलाची तळी साचलेली असतात ही समजूत चुकीची आहे. तेल असते खडकाच्या बारीक छिद्रांत, आणि त्याच छिद्रांत पाणीही असते. दोहोंपैकी खडकाला जवळचे कोण, यावर सारे अवलंबून राहते. वालुकाश्माचा ओढा बहुधा पाण्याकडे असतो. पाण्याचा पातळ थर दगडाला बिलगून राहतो, तेल छिद्राच्या मध्यभागी राहते आणि बाहेरून पाणी दाबले की पुष्कळसे पुढे सरकते. चुनखडकाची गोष्ट निराळी. त्याच्या पृष्ठभागावर सामान्यतः धन विद्युतभार असतो आणि कच्च्या तेलातील आम्लधर्मी घटक ऋण भाराचे असल्याने त्याला जाऊन चिकटतात. मग तेलच दगडाला धरून बसते. दाबलेले पाणी मोकळ्या वाटेने निघून जाते, विहिरीतून पाणीच अधिकाधिक वर येऊ लागते आणि तेल जागच्या जागी राहते.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने जे तेल शोधले, ते मुख्यतः मायोसीन काळातील चुनखडकात आहे. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. बर्मा-शेल, एसो, कॅलटेक्स यांचे राष्ट्रीयीकरण त्याच सुमारास झाले, आणि तेल आता जनतेचे झाले असे आपण सभांतून सांगितले. ते खरेही होते. पण मालकी बदलल्याने दगडाचा स्वभाव बदलत नाही. ऐंशीच्या दशकात विक्रमी उत्पादनाचे आकडे जाहीर होत होते. पुढे उत्पादन घसरले तेव्हा, पाणी भरण्याच्या मानाने उपसा फार केला गेला, अशी टीका झाली. आपण त्या काळी विक्रमांच्या बातम्यांना टाळ्या वाजवल्या, हेही येथे नोंदवले पाहिजे.

नॉर्वेच्या समुद्रातील एकोफिस्क क्षेत्र याच दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. तेथील तेल खडूसारख्या मऊ चुनखडीत आहे. आरंभी त्यातील सुमारे १७ टक्केच तेल निघेल असा अंदाज होता. १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर समुद्राचे पाणी आत सोडण्यात आले, आणि आज हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहे. समुद्रजलातील सल्फेट, कॅल्शियम व मॅग्नेशियम हे घटक तेथल्या उष्णतेत चुनखडीचा पृष्ठभागच पालटतात, चिकटलेले तेल सुटे होते आणि दगड पाण्याकडे झुकतो, असे स्टॅव्हांगर येथील संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवले. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. उपशाने चुनखडी दबली, समुद्रतळ खचला आणि १९८७ मध्येच तेथील फलाट सहा मीटरने उचलावे लागले.

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून १० वर्षांकरिता बीपी या ब्रिटिश कंपनीची निवड केली. मोसादेग यांनी १९५१ मध्ये जिचे इराणमधील तेल राष्ट्राच्या ताब्यात घेतले, त्याच कंपनीचा हा वारस. जुन्या वाचकांना ते आठवेल. क्षेत्राची मालकी व संचालन ओएनजीसीकडेच राहणार आहे, म्हणून देश विकला गेला असा आरडाओरडा आम्ही करणार नाही. आमची मागणी अधिक नेमकी आहे. खडकाचे नमुने, त्यांवरील मोजमापे आणि त्यातून निघणारे ज्ञान अहमदाबाद, पनवेल व देहरादून येथील ओएनजीसीच्या संस्थांत राहिले पाहिजे आणि आपल्या अभियंत्यांच्या हाती आले पाहिजे. दहा वर्षांनी कंपनी गेली आणि दगडाचे ज्ञानही तिच्याबरोबर गेले, तर मालकीचा कागद घेऊन काय करायचे?

वायूचा प्रश्न याच दगडाशी येऊन भिडतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबई हायचा बराच वायू वापराअभावी जाळून टाकला गेला. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियन करारातील द्रवरूप वायूचा पुरवठा तुटला, तेव्हा गेलला खत कारखान्यांच्या वायूत कपात करावी लागली. युरोपने तो हिवाळा भूगर्भात साठवलेल्या वायूच्या आधारे काढला. आपल्याकडे नैसर्गिक वायूचा असा एकही साठा नव्हता. विशाखापट्टणम, मंगळुरू व पाडूर येथील खडकातील गुहांत ५३.३ लाख टन कच्चे तेल ठेवता येते, आणि भोवतालच्या खडकातील पाण्याचा दाबच ते बाहेर झिरपू देत नाही. वायूला रिकामी झालेली तेलक्षेत्रे उपयोगी पडू शकतात. मात्र वरचा अभेद्य खडक पाण्याने भिजलेला असेल तरच त्याच्या केसाएवढ्याही नसलेल्या छिद्रांतून वायू वर येत नाही. त्या खडकाचा ओढा पालटला तर तोच चाळणी होऊ शकतो. तपासणी न करता साठा करणे धोक्याचे आहे.

आता वलगावच्या पायाखालचा दगड. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कार्बन डायऑक्साइड गाडण्याची कल्पना नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात आली आहे, आणि पारस व नांदगावपेठची वीजकेंद्रे आपल्या शेजारीच आहेत. आइसलँडमध्ये २०१२ पासूनच्या प्रयोगात असा वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला, तेव्हा दोन वर्षांच्या आत त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दगड होऊन बसला. विज्ञान म्हणून हे थक्क करणारे आहे. परंतु त्या पद्धतीत एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागते. वर्षाला १० लाख टन वायू गाडायचा तर अडीच कोटी टन पाणी हवे. पश्चिमेस खारपाण पट्टा आणि इकडे उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या विहिरी, अशा मुलखात हे पाणी कोणाच्या वाट्यातून काढणार? असा प्रस्ताव उद्या आला तर पहिली चर्चा ग्रामसभेत झाली पाहिजे, आणि आसपासच्या प्रत्येक विहिरीच्या पाण्याची पातळी व क्षार यांची नोंद, पहिले छिद्र पाडण्याआधी, गावाच्या दप्तरी पडली पाहिजे.